आधी जाळं दाखवा

मी नेव्हीत डायव्हर होतो. शेवटचं पोस्टिंग मुंबईच्या डायव्हिंग टीममध्ये. खाडीत काही बुडालं की आम्हाला बोलावणं येई. गिअर तपासायचा, ब्रीफिंग घ्यायचं आणि खाली जाऊन हातांनी चाचपायचं. पनवेलच्या खाडीत टॉर्च लावला तरी स्वतःचा पंजा दिसत नाही. माझा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, लीडिंग सीमन जनार्दन, उरणचा कोळी. नव्या डायव्हरना तो सांगायचा, "पानी कालं हाय. हातालाच डोले लावा." त्याच्याइतका शांत माणूस मी पाण्यात पाहिला नाही.

त्या दिवशी खाडीत एक मालवाहू बार्ज बुडाली होती. नेमकी कुठे, कोणालाच ठाऊक नव्हतं. खडकांमुळे आवाजाने तळ शोधणारं सोनार यंत्र बोटीमागे ओढत नेता येईना. हेलिकॉप्टर घिरट्या घालून परत गेलं. हवेतून सोडलेला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही आणि गढुळात प्रकाश पोचत नाही. जनार्दन उतरला. मी बोटीवर स्टँडबाय. थोड्या वेळाने लाइफलाइनला जोरात झटके आले. ओढली तर दोरी येईना. तो अडकला होता.

लेफ्टनंट साहेब म्हणाले, "भरतीचा जोर वाढलाय. नो मोअर डायव्ह्ज."

"निगेटिव्ह, सर. माझा बडी खाली आहे."

"धिस इज अ‍ॅन ऑर्डर."

मी मास्क चढवला आणि उडी मारली.

कुणीतरी टाकून दिलेल्या जाळ्यात तो गुरफटला होता. सुरीने जाळं कापून त्याला वर आणलं. श्वास नव्हता. तो वाचला नाही. हुकूम मोडला म्हणून मला रिप्रिमांड मिळाली, लेखी ताकीद. ती मान ताठ ठेवून घेतली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन.

निवृत्तीनंतर खारघरच्या एका कॉलेजात जुना डायव्हर म्हणून मला बोलावलं, पाण्यातली वस्तू वरूनच शोधण्याचा प्रयोग बघायला. टाकीत गढूळ पाणी, तळाशी लोखंडी पाना. प्राध्यापिका बाईंनी वरून पाण्यावर लेसर मारला. "लेसरच्या उष्णतेने पाण्यातच आवाज तयार होतो, सर. तो वस्तूवर आपटून वर येतो आणि हवेतला सेन्सर पकडतो." पडद्यावर पाना उमटला. टाळ्या पडल्या. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"लोखंडी पान्यात अडकून कोणी मरत नाही, मॅडम. आधी जाळं दाखवा."

"नायलॉनच्या जाळ्यावरून आवाज फार क्षीण परततो, सर. टाकीतच जमत नाही, समुद्रात तर लाटा."

"मग जमवा. डायव्हर आहेतच की, म्हणून थांबू नका."

पुढच्या आठवड्यात उरणहून जाळ्याचा तुकडा नेऊन मी त्यांच्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून जातोच आहे. पडद्यावर अजून नुसतं धुकं दिसतं. बाई म्हणतात, वेळ लागेल.

लागू दे. ते जाळं दिसल्याशिवाय मी हटणार नाही. जनार्दनलाही ते दिसलं नव्हतं.