लाल सीट आणि गोणपाट

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या मोटारसायकली लिलावात निघाल्या. त्यातली एक मी घेतली. तेव्हा मी चाळिशीला आलो होतो. नोकरी भिवपुरीच्या वीजघरात, घर दहिवलीला. कामावर जायला गाडी हवी, असे मी घरी सांगितले होते. ते अर्धेच खरे होते.

गाडीची सीट रुंद, जाड चामड्याची होती. खाली दोन दणकट स्प्रिंगा. मागे बसणाऱ्यासाठी तशीच एक लहान सीट. फुटक्या खडीच्या रस्त्यावरही त्यांच्यावर अंग दुखत नसे. पण बेडूक बसल्यासारख्या त्या दिसत. मुंबईत मी एकाच्या गाडीवर सपाट, पातळ, लाल सीट पाहिली होती. ती डोक्यातून जाईना.

कर्जत स्टेशनाबाहेर टांग्यांच्या गाद्या शिवणारे एक म्हातारे मुसलमान कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी त्यांना चित्र काढून दाखवले.

"काथ्या किती भरू? चार बोटं?"

"एक बोट."

"एक बोट? तुमच्या मागं बसणार कोण, चिमणी?"

"मागं कोणी बसत नाही, चाचा."

"आज नाय बसत. बरं, जुन्या सीटा फेकू नका. अर्ध्या तासाचं काम हाय, कवा पण परत चढवू."

त्यांनी लाल रेक्झिन लावले, कडेने पांढरा गोट घातला. बाजारातल्या चहाच्या दुकानापुढे मी गाडी उभी केली तेव्हा आतून कोणी ओरडले, "ह्यो तर नवरीचा पाट हाय रं! आता नवरी आणा दुसरी!" सगळे हसले. मला ते हसणे आवडले. माझी स्वतःची कंबर आठ दिवसांत धरली, खड्ड्यांवर मी पायावर उभा राहून गाडी चालवू लागलो, पण हे कोणाला सांगितले नाही. जुन्या सीटा माळ्यावर ठेवल्या.

त्याच हिवाळ्यात, भात झोडून झाल्यावर, एका दुपारी खालापूरकडून मावशीच्या घरचा गडी आला. मावशी म्हणजे माझ्या आईची एकुलती धाकटी बहीण; ती आईला आका म्हणे.

"बाईंचं काय खरं नाय," तो म्हणाला. "सारखं एकच, माज्या आकाला आना."

खोपोलीची आगगाडी निघून गेली होती. पुढची संध्याकाळी, आणि तिथून पुढे अंधारात कसे जायचे. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुज्या फटफटीवर ने मला."

आईची कंबर आदल्या वर्षी विहिरीवर पडल्यापासून गेलेली होती. पाटावरून उठायलाही भिंत लागे. मी माळ्याकडे पाहिले. अर्धा तास, चाचा म्हणाले होते. पण पाने घ्यायचे, बोल्ट सोडवायचे, मावशी तिकडे तशी. घाई आहे असे मी मनाशी म्हटले. घाई होतीच. तरी सीट न बदलण्याचे कारण ते नव्हते, हे मला माहीत आहे.

आई आतून गोणपाटाची घडी घेऊन आली. बैलगाडीत ती नेहमी तीच घडी खाली घेई. "ह्यो टाक सीटवर, म्हंजी हाडं लागायची नाय."

मला डोळ्यांसमोर चहाचे दुकान दिसले. लाल सीटवर गोणपाट, गोणपाटावर आई, आणि आतून कोणीतरी काय ओरडेल तेही ऐकू आले.

"बाजार ओलांडला की टाकू," मी म्हणालो. "आत्ता पिशवीत ठेवतो."

ती चपला घालायला वळली. मी घडी कणगीमागे सारली आणि रिकामी पिशवी हँडलला अडकवली.

बाजारातून गेलो. दुकानापुढे दोघेचौघे होते, कोणी काही बोलले नाही. आई एका बाजूला पाय सोडून बसली होती, तिने माझा सदरा मुठीत धरला होता. पळसदरीच्या अलीकडे तिने तो ओढला.

"थांबव रं. गोणपाट काढ आता."

मी पिशवीत हात घातला. "विसरलो गं. घरीच राहिला."

"राहू दे," ती म्हणाली. "चल, बसते अशीच."

आणखी मैलभर ती बसली. मग तिने मला थांबवले ते आवाजाने नाही, पाठीवर कपाळ टेकून. तिला उतरवले तर उभे राहवेना. कर्जतकडे जाणारी पेंढ्याची गाडी आली. गाडीवानाने आणि मी तिला उचलून पेंढ्यावर आडवे केले.

"तू जा," ती म्हणाली. "तिला सांग, आका निघाली व्हती. उद्या येते."

मी गेलो. मावशीने डोळे उघडून माझ्या मागे पाहिले. मी म्हटले, आई उद्या येते. तिने मान हलवली. मी हातपाय धुतले, चहा घेतला. मला तेव्हा काहीच वाटले नाही, हे लिहायची लाज वाटते. पहाटे मावशी गेली.

तिकडची आवराआवर करून मी घरी आलो तेव्हा निरोप आधीच पोचला होता. शेजाऱ्याने बैलगाडी जुंपली होती. आई भिंतीला धरून कणगीपर्यंत गेली. शोधाशोध केली नाही, मला काही विचारले नाही. मागे हात घातला, गोणपाट बाहेर काढला, त्यावरचा कोंडा झटकला आणि माझ्या हातात दिला.

"गाडीत टाक," ती म्हणाली.

मी टाकला. ती त्यावर बसली आणि आम्ही निघालो.

खालापूरला बायका तिला धरून रडल्या. एकीने विचारलेच, "काल का नाय आलीस गं? ती वाट बघत व्हती." आई म्हणाली, "निघाले व्हते. पोरगा गोणपाट विसरला, मग माजी कंबर नाय ऐकली."

मी दारात उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पुढेही जी कोणी समाचाराला आली, तिला तिने हेच सांगितले. मी एकदाही मध्ये बोललो नाही. आता आई नाही, म्हणून लिहितो. मी विसरलो नव्हतो.