दत्तूचं इंजिन

दत्तू गेल्याची बातमी सगळ्या रत्नागिरीत मला शेवटी कळली. आदल्या दुपारीच सगळं आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक पंक्चर काढून घेता घेता सहज म्हणालं, "तुमचे ते इंजिनवाले गेले हो, तापानं." हातातली कानस हातातच राहिली. पण खरं सांगतो, आधी दुःख नाही झालं, राग आला. मला कुणी बोलावलं कसं नाही? खांदा द्यायला कोण कोण होतं? त्यातले निम्मे तरी त्याला नीट ओळखत होते का? महिना उलटला तरी हा राग उतरलेला नाही. त्याच्याविषयी दुसरं कुणी गहिवरून बोलू लागलं की वाटतं, हा माझ्या मालकीच्या वस्तूला हात लावतोय... आणि तो जिवंत होता तेव्हा मात्र त्याच्याइतका माझ्या डोळ्यांत खुपणारा माणूस दुसरा नव्हता.

बंदराकडून येणारा चढ संपतो तिथं माझं सायकलचं दुकान आहे. तो चढ सायकलवरून न उतरता चढणारा गावात मी एकटा. लोक थांबून बघायचे, आणि बघतात हे मला चांगलं माहीत असायचं. दत्तू खालच्या खारवी वस्तीतला. बापाचं होडकं सोडून मुंबईला एका कारखान्यात राहिला आणि परत आला तो एक लहानसं जुनं इंजिन गोणपाटात गुंडाळून. "बाबल्या, ह्या सायकलला लावूया," म्हणाला. लावूया! जशी काही घंटाच लावायची होती. मी हसलो. पण त्यानं लावलंच. दांड्याखाली इंजिन, रॉकेलच्या डब्याची टाकी, मागच्या चाकाच्या आऱ्यांवर आवळलेली लाकडी चकती आणि इंजिनापासून तिच्यापर्यंत चामड्याचा पट्टा. बोल्ट माझ्याच दुकानात बसवले, आणि एकेक बोल्ट आवळताना हे मला का सुचलं नाही म्हणून मी जळत होतो.

पहिल्या दिवशी निम्मं बंदर बघायला लोटलं. सपाटीवर सायकल फटफटत निघाली. मासळीवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून बघत राहिल्या. चढ लागला आणि इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, चाक जागचं हलेना. पट्टा घसरत होता, आणि का घसरतोय ते मला बघताक्षणी कळलं. दत्तू होडीवाल्याच्या घरचा. होडीला मुशी माशाचं तेल चोपडलं की लाकूड टिकतं, म्हणून त्यानं पट्ट्यालाही तेच तेल चोपडलं होतं. माझ्या मामांची भात भरडायची गिरणी आहे. तिचा पट्टा घसरला की त्यावर मूठभर राळेची पूड टाकायची, मग तो चाकाला धरून बसतो. लहानपणी ते काम माझंच असे. "बाबल्या, काय चुकतंय रे माझा? तू तरी सांग," दत्तू घामानं निथळत म्हणाला. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, "तेल कमी पडत असेल."

त्यानं ऐकलं. आणखी तेल चोपडलं. पुढे तीन-चार महिने मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जात होतो. लोकांना वाटे, काय ही मैत्री! मी जायचो ते पट्टा घसरताना बघायला. आणि मग एक दिवस, मी अर्ध्या चढावर उभा राहून पायडल मारत असताना, तो माझ्या शेजारून फटफटत वर निघून गेला... मी तिथंच सायकलवरून उतरलो. नंतर विचारलं तर म्हणाला, "जमला कसातरी." मी जास्त खोदलं नाही.

त्यानंतर मात्र एक गंमत होऊ लागली. चढ चढून तो वर आला की माझ्या दुकानाच्या अलीकडे इंजिन हटकून गप्प होई, आणि दत्तू ते सगळं ओझं पायांनी ओढत माझ्या दारावरून जाई. मला केवढा आनंद! "काय दत्तोबा, पडलं वाटतं बंद?" "पडला रे," तो म्हणे. किती वर्षं माझी ही करमणूक चालली होती.

दिवस झाल्यावर त्याच्या घरी गेलो. बोलता बोलता, तेव्हाही राहवलं नाही, म्हणालो, "वहिनी, त्या इंजिनानं शेवटपर्यंत त्रासच दिला त्याला. माझ्या दाराशी रोज बंद पडायचं."

वहिनी म्हणाल्या, "बंद कधी पडला नाय, भावजी. ते सोताच बंद करायचे. राळेचा त्यांना तुमच्या मामांनीच सांगितलानी, गिरणीवर गेलेले तेव्हा. वर म्हणाले, आमच्या बाबल्याला का नाय इचारलंस, तो ह्यातच वाढला. त्या दिवशी हे घरी आले. जेवले पन नाय. मग म्हणाले, बाबल्याला हा आवाज सोसत नाय गो, त्याच्या दारावरनं मी आपला पायानं जाईन."

मी चहा न घेताच उठलो.

सायकल आता त्याचा धाकटा भाऊ चालवतो. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. रोज सकाळी तो चढ चढून येतो आणि माझ्या दारावरून तसाच फटफटत बाजाराकडे जातो. मी हातातलं काम ठेवून उंबऱ्यात उभा राहतो. माझ्या दारात तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता... चांगला आहे. एका लयीत, कुठे अडखळत नाही. इतका चांगला आहे, की मला दत्तूचा अजून हेवा वाटतो.