पक्का वॉल

घोडेगावात मटणाचं दुकान असलेल्या चाचांकडून मी दरवर्षी दहावीच्या वर्गासाठी बोकडाचं हृदय नेतो. गिऱ्हाइकांचं मटण तराजूवर आपटणारे चाचा हृदय देताना मात्र त्याची परीक्षा घेतात. डाव्या कप्प्यात पाणी भरून मुठीत दाबतात. पाणी वरच्या जाड नळीतून उडतं, झडप त्याला आल्या वाटेनं मागं फिरू देत नाही.

“वॉल पक्का हाय, न्या,” म्हणतात.

यंदा पाणी भरून थांबले.

“सर, माझा डावा वॉल गळतोय म्हनले डॉक्टर. ह्यात दाखवा की.”

मी कप्पा फाकवून दोऱ्यांनी ताणलेला झडपेचा पातळ पडदा दाखवला. त्यांनी त्याला बोट लावलं.

“एवढासाच?”

मग हृदय कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवलं.

“पोरांना म्हनावं, हळू धरा.”