आक्का मला उठू देत नव्हती

धाराशिवकडच्या वाशीत माझी पिठाची गिरणी आहे. ज्वारीनं भरलेला डबा जमिनीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून गिरणीत, हे इतकं अंगवळणी पडलेलं की आपल्या अंगात ताकद आहे असा विचारही कधी मनात आला नव्हता. मग न्यूमोनिया झाला आणि मला धाराशिवच्या दवाखान्यात ठेवलं.

सोबतीला ईट गावाहून थोरली बहीण आली. आईमागं आक्कानंच मला वाढवलेलं. आल्या आल्या तिनं माझा ताबा घेतला. पाणी तिच्या हातानं, तोंड पुसणं तिच्या हातानं, कूस बदलायची तरी तीच बदलणार. मी उठायला गेले की खांदा दाबायची. "पडून ऱ्हा. म्या हाय की."

ताप उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, यांना खुर्चीत बसवा, वॉर्डात चालवा, अंडी, डाळ, दूध द्या. आक्कानं मान डोलावली आणि त्यांची पाठ वळताच म्हणाली, "ह्येनला काय जातंय सांगायला?" अंडं उष्ण, डाळ वातूळ, दुधानं कफ होतो, राहिली साबुदाण्याची पेज. त्यात भेटायला येणारी माणसं. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला लोक गाडी करून येतात. एवढ्या लांबून यायचं आणि आजारी बाई खुर्चीत बसलेली बघायची, हे कसं दिसणार? कुणी दारात दिसलं की आक्का मला आडवी करून गळ्यापर्यंत चादर ओढायची. बायका माझा दंड चाचपायच्या, "लई वाळली गं" म्हणून हळहळायच्या. मलाही ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू. इतके लाड लहानपणीही झाले नव्हते.

घरी आले तेव्हा छाती साफ होती. सवयीनं जेवायला जमिनीवर बसले. जेवण झालं, हात धुवायला उठावं म्हटलं तर उठताच येईना. दुखत काही नव्हतं. मांड्या नुसत्या ऐकत नव्हत्या. हात फिरवला तर कातडीखाली हाडच लागलं. मी घाबरले, फार घाबरले. गिरणी आता कायमची बंद, असंच वाटलं.

आक्का शेजारच्या ताटावरून उठली, गुडघ्याला हात न लावता. सत्तरीला आलेली बाई, पण इतके दिवस वॉर्डातून नळावर आणि नळावरून औषधाच्या दुकानात तीच पळत होती. तिनं माझ्या काखेत हात घालून मला लेकरासारखं उभं केलं. "भितीस कशाला? म्या न्हाय जात इतक्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजेवर बसून तिला म्हटलं, "आक्का, तू आता ईटला जा." तिला वाटलं, माझा नवरा काही बोलला. तसं काही नाही म्हटल्यावर विचारलं, "मग माझं काय चुकलं गं?" पडून राहून मांड्या गेल्या होत्या, आणि ती जवळ असेपर्यंत मी आपल्या पायांनी उठणार नव्हते. जिनं माझं सगळं केलं, तिलाच मी घरातून घालवत होते. ती रडत पिशवी भरत राहिली.

दारात वळून म्हणाली, "एकदा थांब म्हण, म्या थांबते." तिला मिठी मारावी असं फार वाटलं. पण त्यासाठी उठावं लागलं असतं, आणि मी उठायला लागले असते तर ती धरायला धावली असती. म्हणून मी बसूनच म्हटलं, "जा."