अंबाडीपायी बकरीचं शिंग मोडलं

मंडळी, आज सकाळी मी एका बकरीचं शिंग मोडलं. आधी पूर्ण वाचा, मग शिव्या घाला.

इथे आखातात, अल मवालेहला, आमच्या खोलीमागे मी अंबाडी लावली होती. बी आईने गावाहून पाठवलेलं. दोन महिने राखण केली. मावा साबणाच्या पाण्याने मारला, अळ्या बोटांनी चिरडल्या, एक उंदीर तर फावड्याने ठेचला.

आज घरमालकाची बकरी जाळी फाडून आत घुसली. माझं डोकंच फिरलं. पाईप उचलला आणि हाणला. शिंग तुटलं, तिचं तोंड रक्ताने भरलं.

ओरडणं ऐकून मालक, आमचा अर्बाब, धावत आला. त्याने माझी कॉलर धरली आणि तेवढ्यात त्याला ती हाताच्या पंज्यासारखी पानं दिसली. कॉलर सोडून त्याने फोन काढला. त्याला वाटलं, गांजा!

माझा रूममेट इक्बालभाई, रत्नागिरीचा, हात जोडून अरबीत सांगत होता, "भाजी आहे हो, खायची भाजी!" मी मूठभर कच्ची पानं तोंडात कोंबली. शेवटी अर्बाबने एक पान चावलं, आंबट तोंड केलं आणि फोन खिशात टाकला.

"खलास, मिटलं," तो म्हणाला. "पण आत्ताच्या आत्ता उपटा. पोलीस चाखून बघत नाहीत."

सगळी रोपं मीच उपटली. त्या ढिगावर तीच रक्ताळलेली बकरी येऊन चरायला लागली. मी हाकललं नाही.

आत्ता आईचा मेसेज आलाय, अंबाडीचा फोटो पाठव म्हणून. काय पाठवू?