सौसरची पोथी

माझ्या नवऱ्याचं सौसरला दुसरं घर आहे, हे मला एका नारळावरून कळलं.

आमचं पांढुर्ण्यात खत-बियाण्यांचं दुकान. शनिवारी सुट्टी. गेल्या वर्षी ह्यांची भक्ती अचानक उफाळून आली. शनिवारी जेवण झालं की केस विंचरायचे (उरलेत तेवढे!), इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि "जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन येतो" म्हणत सौसरची बस धरायची. बावीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने देवापुढे एक उदबत्ती लावली नाही, तो असा देवभोळा झाला तर बाईने काय समजायचं? जे समजायचं तेच मी समजले.

मग पुरावे गोळा करायला लागले. मारुतीला जाऊन आलेला माणूस, पण कपाळाला शेंदूर नाही. डोळे मात्र लाल. जेवताना घास हातात तसाच आणि चेहऱ्यावर हसू. एकदा भाजीत मीठच नव्हतं, तरी हसू! आणि चौथ्या शनिवारी प्रसादाच्या नारळाची पिशवी निघाली आमच्याच बसस्टँडसमोरच्या दुकानाची.

"काऊन हो, जामसांवलीले नारळ भेटत नाई का?"

"तिथं गर्दी लय असते," असं म्हणून हे कोणी न सांगताच दळण आणायला गेले. दळण! स्वतःहून! आता तर शंकाच उरली नाही.

सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "माह्या पोरात एवढी हिंमत नाई व. पण तू पाहून ये एकदा."

पुढच्या शनिवारी पदर नाकापर्यंत ओढून मी त्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसले. (सोळा वर्षं शिवणक्लास चालवते मी; पदराआडूनही अर्ध्या बसने ओळखून नमस्कार केला!) हे मात्र खिडकीबाहेर बघत गालात हसत होते. सौसरला उतरले ते थेट एका गल्लीत, निळ्या दाराच्या घरात शिरले. दाराशी बाईच्या चपला!

आत जाऊन काय बोलायचं ते मी बाहेर उभी राहून ठरवू लागले. बोलण्यासारखं इतकं होतं की तास गेला. रडूही येत होतं. माहेरी कोणत्या साड्या न्यायच्या इथपर्यंत माझा हिशोब झाला होता. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि दार ढकललं.

आत सात माणसं जमिनीवर मांडी घालून बसलेली. मधोमध पाटावर जाडजूड पुस्तक, आणि पंच्याहत्तरीच्या एक चष्मेवाल्या बाई ते लाल कापडात गुंडाळत होत्या. सगळ्यांचे डोळे ओले. आमचे हे तर हुंदके देत होते!

पोथी! पारायण! आणि मी पापिणीने मनात काय काय आणलं! चपला दाराबाहेर भिरकावल्या, पाटावर डोकं टेकलं आणि म्हटलं, "माफ करा जी. मले वाटलं, हे दुसऱ्याच नादाले लागले."

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. त्या बाईंनी (सुशीलाताई, रिटायर्ड शिक्षिका) माझ्या हातावर शिरा ठेवला. मी तो डोळ्यांना लावून खाल्ला. हे पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, उपवास असेल.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं, की माझा नवरा संत आहे. मी तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी आमंत्रणंही देऊन टाकली: पुढच्या शनिवारी पोथी आमच्या घरी!

"नको," हे म्हणाले. "ताईंना बस लागते."

"ऑटो करा."

"पुस्तक हिंदी आहे."

"ताई सांगतीन मराठीत. आता काऊन नाई म्हणून राह्यले? मी बसली तं देव पळून जाईन का?"

हे पुन्हा दळण आणायला निघून गेले. माझा संशय पुन्हा डोकं वर काढायला लागला.

शनिवारी समोरच्या खोलीत तीस बायका. चौरंग, रांगोळी, समई. शेजारच्या मंदाकाकूंनी टोपलीभर संत्री आणली. सुशीलाताई आल्या, चौरंगाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "अध्याय एकोणिसावा." तीस बायकांनी हात जोडले.

"राणीने दाराला कडी घातली आणि राजाच्या पेल्यात विष ओतलं. खाली तळघरात पंखवाला अजगर आग ओकू लागला..."

"कोणतं पुराण व हे?" मंदाकाकू कुजबुजल्या.

"उत्तरेकडचं असन," मी म्हटलं आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

मी ह्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं. "काय होय हे?"

"कादंबरी," हे पुटपुटले. "अकरा खंड आहेत. आम्ही सहाव्यात आहोत. संच एकच, म्हणून ताई वाचून दाखवतात. तू आली त्या दिवशी सेनापती मेला होता गं!"

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"तू म्हटलं असतं, पन्नाशीत राक्षसाच्या गोष्टी ऐकून राह्यले."

खरं होतं. मी तेच म्हटलं असतं, वर माहेरी फोन करून सांगितलं असतं. माझं मलाच वाईट वाटलं. पण ते नंतर बघू, आधी गल्लीतली अब्रू! मी बाहेर धावले. "ताई, आता आरती घेऊ!"

"बस खाली!" सासूबाई कडाडल्या. "राजा मेला का नाई, थे ऐकू दे आधी!"

"हो ना जी!" तीस बायका एका सुरात म्हणाल्या.

राजा मेला. दिवेलागणीपर्यंत एक बाई उठली नाही, एक संत्रं सोललं गेलं नाही. तेव्हापासून बैठक आमच्याच घरी भरते.

आणि बावीस वर्षांत प्रथमच आमच्या घरात एका परक्या बाईवरून खरंखुरं भांडण पेटलं. राजा दर पौर्णिमेला एकटाच दुसऱ्या गडावर जायचा, म्हणून राणीला संशय आला होता. हे म्हणाले, "विष देण्याआधी विचारायचं तरी होतं तिनं!" मी म्हटलं, "बरोबर केलं तिनं. दर पौर्णिमेले काय काम असते गडावर?" सासूबाई माझ्या बाजूने. तीन दिवस ह्यांनी आपला चहा आपणच करून घेतला.

यजमानीण म्हणून ताईंनी सातवा खंड माझ्याकडे ठेवायला दिला. मी तो दोन दिवसांत चोरून वाचून काढला. राजा बिचारा निर्दोष होता. गडावर तो आपल्या आजारी दाईला भेटायला जायचा!

ते प्रकरण ज्या शनिवारी येईल, त्या शनिवारी ह्यांना बियाणं आणायला नागपूरला पाठवायचं मी ठरवलंय. पण हल्ली मी जरा गोड बोलले, की हे माझ्याकडे फार संशयाने बघतात!