सात वर्षांनंतरची पाळी

फ्रसीनाला पाळी आली ती एका शनिवारी सकाळी, हात कोपरापर्यंत कणकेत असताना. वय अठ्ठावन्न. पाळी जाऊन सात वर्षं झालेली. आधी तिला वाटलं, पाणी सांडलं असेल. मग मांडीवरून काहीतरी कोमट ओघळलं आणि तिचे कणकेतले हात जागीच थांबले.

दुसरी एखादी बाई हात धुऊन आत गेली असती. पण फ्रसीना चर्चसाठी प्रसादाचे पाव भाजणारी होती, आणि रुमानियातल्या आमच्या पोयाना गावात हे काम कुणालाही मिळत नाही. बाई विधवा हवी, नाव ठेवायला जागा नको, आणि मुख्य म्हणजे तिची पाळी कायमची गेलेली हवी. विटाळशीच्या हाताने मळलेल्या पावावर क्रूसाचा शिक्का उमटवणं म्हणजे केवढं पाप! म्हातारी साफ्ता वारली तेव्हा फादर तोआदेरांनी तो लाकडी शिक्का फ्रसीनाच्या हाती दिला, त्यालाही आता पाच वर्षं झाली. त्या दिवशी घरी येऊन तिने कपाटाच्या तळातली सगळी फडकी काढली आणि परसात जाळली. लग्नाच्या दिवशीही ती इतकी खूश नव्हती.

फडकी म्हणजे जुन्या चादरी फाडून केलेल्या घड्या. कम्युनिस्टांच्या काळात औषधाच्या दुकानात कापूस आला तर नशीब, नाहीतर चादर होतीच. फ्रसीना सरकारी शेतावर बीट उपटायला जायची. ओल्या घडीने मांड्या सोलून निघायच्या, पण मुकादमाला सांगायची सोय नव्हती. संध्याकाळी घडी राखेच्या पाण्यात उकळायची आणि दोरीवर वाळत घालून तिच्यावर टॉवेल टाकायचा. नवऱ्यालासुद्धा दिसता कामा नये. पुढे तिची मुलगी दोमनिकाने दुकानातून पॅड आणले तेव्हा फ्रसीनाने आकाशपाताळ एक केलं होतं. "आपलं रक्त उकिरड्यावर टाकतेस? कुत्री ओढत नेतील रस्त्यावर!" दोमनिका म्हणाली, "आई, कुत्र्यांना दुसरी कामं आहेत." तेव्हापासून त्या विषयावर मायलेकी बोलल्या नव्हत्या.

शिक्का हाती आल्यावर तर फ्रसीना फारच कडक झाली. खरं सांगायचं तर डोक्यावर बसली. चर्चच्या दारात उभी राहून ती तरुण पोरींना हळूच विचारायची, "बरी आहेस ना गं?" म्हणजे काय ते सगळ्यांना कळायचं. जी बरी नसेल तिने बाहेरच्या खोलीत थांबायचं, संतांच्या चित्राला ओठ लावायचे नाहीत, पावाच्या टोपलीला हात लावायचा नाही. कित्येक पोरी तिला पाहून उलट्या पावली फिरायच्या. चुकून कुणी आत शिरलीच, तर फ्रसीनाची नजर प्रार्थना संपेपर्यंत तिच्या पाठीवर.

आणि आता हिलाच.

कणीक अर्धी मळून झालेली. टाकावी, तर उद्या प्रसाद कुठून आणायचा? कुणाला बोलवावं, तर का म्हणून विचारतील. फ्रसीनाने हात धुतले, जुना परकर फाडून बांधला, पुन्हा हात धुतले, प्रार्थना म्हटली आणि पुन्हा कणकेत हात घातले. पाव फुगले, भाजले, फक्त एक मधोमध शिक्क्यावरच तडकला. रविवारी चर्चमधल्या बायका तो पाव एकमेकींना दाखवत होत्या. "पीठ वाईट आलंय या खेपेला," एक म्हणाली. फ्रसीना मान खाली घालून ऐकत होती. पीठ चांगलंच होतं.

तिला वाटलं, एकदाच असेल. पण ते थांबेना. दोन दिवस जरा कमी व्हायचं, की पुन्हा सुरू. परकर संपले. पाचव्या दिवशी ती ओर्तांसाच्या दुकानात गेली, आधी मीठ घेतलं, मग काड्यापेटी, मग पुन्हा मीठ.

"एवढं मीठ कशाला, मावशी? नाताळचं डुक्कर ऑगस्टमध्येच खारवताय की काय?" ओर्तांसाने विचारलं.

"ते... पॅड दे एक पुडा."

ओर्तांसाच्या भुवया केसांत गेल्या. "कुणासाठी?"

"भाची आलीये."

"कुठली भाची? तुमच्याकडे तर कुणी उतरलेलं दिसलं नाही बसमधून."

"तू बसमधली माणसं मोजत बसतेस, का दुकान चालवतेस?"

ओर्तांसा हसली. "पंख असलेले देऊ का बिनपंखाचे?"

"काय उडायचंय का तिला? दे कुठलेही." फ्रसीनाचा चेहरा भाजलेल्या पावासारखा लाल झाला होता. ओर्तांसाने पुडा वर्तमानपत्रात गुंडाळला, वर काळी पिशवी घातली, आणि त्या काळ्या पिशवीकडे बघूनच अख्ख्या रस्त्याला कळलं असतं आत काय आहे ते. फ्रसीना मागच्या गल्लीने घरी आली.

पॅड चांगले होते, हे कबूल करायला तिला पंधरा दिवस लागले. सोलत नाहीत, ओले वाटत नाहीत, धुवायचं नाही. बीटच्या शेतात हे असते तर, असं एकदा तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. वापरलेले ती चुलीत जाळायची, उकिरड्यावर नाही. पण प्रसादाच्या भट्टीत कधीच नाही, त्यासाठी वेगळी चूल पेटवायची. असे नऊ आठवडे गेले. नऊ शनिवार तिने पाव भाजले, आणि प्रत्येक रविवारी माणसं प्रसाद तोंडात टाकताना ती डोळे मिटून घ्यायची. कुणाची गाय आटली, कुणाचं पोर तापाने फणफणलं, की हिची पाचावर धारण बसायची.

आणखी एक भीती होती, पण तिच्याकडे ती बघतच नव्हती. थोरल्या बहिणीला, आस्पाझियाला, साठाव्या वर्षी असंच रक्त जायला लागलं तेव्हा ती "उष्णता झालीये" म्हणत वर्षभर लपवत राहिली. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरने कुलूप घातल्यासारखं तोंड मिटलं. तिला आंघोळ घालून शवपेटीत ठेवणारी फ्रसीनाच होती. त्या शरीराचं वजन एखाद्या पोरीएवढं उरलं होतं.

दोमनिका इटलीत एका म्हातारीची सेवा करायची आणि रविवारी फोन करायची. नवव्या रविवारी फ्रसीनाने हळूच विचारलं, "तुझ्या त्या म्हातारीला कधी... परत सुरू झालं होतं का गं?"

"काय सुरू?"

"काही नाही. महिन्याचं."

 पलीकडून दोमनिका ओरडलीच, "आई! तुला रक्त जातंय? कधीपासून?"

"मी कुठे म्हटलं मला?"

"आस्पाझियामावशीचं विसरलीस? उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा!"

"शनिवारी सणाचा दिवस आहे. संत दुमित्रूचा. शंभर पाव लागतात. सण झाला की जाते."

"पाव? आई, तू पावाचा विचार करतेयस?"

"मग कुणी करायचा?" फ्रसीनाने फोन आपटला आणि त्याच्याकडे बघत तशीच उभी राहिली. डॉक्टरकडे गेलं की गावाला कळणार. शहरातल्या दवाखान्यात पोयानाची एक परिचारिका आहे, बायकांच्या डॉक्टरकडे ही म्हातारी कशाला आली म्हणून ती पहिला निरोप बसच्या ड्रायव्हरजवळ देणार. मग नऊ आठवड्यांचे पाव लोक आठवून आठवून मोजतील. शिक्का जाईल तो जाईल, वर तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

बुधवारी तिच्याने राहवेना. ती फादर तोआदेरांकडे पापाची कबुली द्यायला गेली. फादरांनी गळ्यातला भरजरी पट्टा तिच्या डोक्यावर टाकला. त्या अंधाऱ्या पट्ट्याखाली तिने सगळं सांगून टाकलं: परकर, पॅड, नऊ शनिवार, तडकलेला पाव. फादर तोआदेर मनाने भला माणूस, पण असलं काही ऐकून त्यांचे कान लाल झाले. 

"फ्रसीना, हे तू मुद्दाम नाही केलंस," ते म्हणाले. "देव बघतो. तुला माफ आहे. जे झालं ते झालं. सणाचे पाव भाज आणि कुणापाशी अवाक्षर काढू नकोस. पुढचं पुढे पाहू."

"म्हणजे शिक्का माझ्याकडेच?"

"तुझ्याकडेच."

फ्रसीनाने त्यांचा हात डोळ्यांना लावला. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा तिला श्वास घेता आला. चर्चच्या पायऱ्या ती पोरीसारखी उतरली, रस्त्यात भेटलेल्या पोस्टमनला उगाच हसून नमस्कार केला. ओढ्यावरच्या पुलापर्यंत ती अशीच आनंदात आली. पुलावर मात्र ती थांबली. भीती तशीच होती. पाप गेलं होतं, माफी मिळाली होती, शिक्का घरात होता, आणि तरी तिला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. म्हणजे आपण इतके दिवस पावासाठी घाबरत नव्हतो, तिच्या लक्षात आलं. आपण मरायला घाबरतोय.

ती पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि भर रस्त्यात रडली. फादरांवर तिला राग येत नव्हता, पण एवढ्या मोठ्या माणसाला एकदाही "डॉक्टरला दाखव" म्हणावंसं वाटलं नाही, हे तिला सारखं टोचत होतं. मग तिच्या लक्षात आलं की तिलाही, स्वतःच्या तोंडाने, ते अजून म्हणवलेलं नाही.

गुरुवारचा दिवस तिने निश्चय करण्यात आणि मोडण्यात घालवला. शुक्रवारी सकाळी, म्हणजे सणाच्या भट्टीच्याच दिवशी, तिने शंभर पावांचं पीठ भिजवलं, परात झाकली, चांगला कोट घातला आणि शिक्का टॉवेलात गुंडाळून फादरांचं घर गाठलं. फादर चर्चमध्ये होते. दार उघडलं त्यांच्या बायकोने, कोर्नेलियाने; आमच्याकडे पाद्री लग्न करतात. वय पस्तीस, तीन पोरांची आई, दोन्ही हातांना साबणाचा फेस.

"पाद्रीणबाई, हा धरा." फ्रसीनाने शिक्का तिच्यापुढे केला. "पीठ भिजवून आलेय, माझ्या घराचं दार उघडं आहे. पाव तुम्ही भाजा. मी सातच्या बसने डॉक्टरकडे चाललेय."

"आज? मावशी, सण उद्यावर आलाय!"

"मला रक्त जातंय. नऊ आठवडे झाले." हे वाक्य तिने कालपासून पाठ केलं होतं, तरी मध्ये आवाज फाटलाच.

कोर्नेलियाचा चेहरा उतरला. तिने हात पुसले, एकदा शिक्क्याकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे. कुणी नाही याची खात्री करून ती दारातून पुढे आली आणि एखाद्या शाळकरी पोरीसारखी फ्रसीनाच्या कानाशी पुटपुटली, "मला नाही चालणार, मावशी. माझा आज दुसरा दिवस आहे."

 चर्चच्या दारात कितीतरी पोरी अशाच मान खाली घालून फ्रसीनासमोर उभ्या राहिल्या होत्या. खालच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला.

"तुझ्याकडे ते पंखवाले आहेत ना?" फ्रसीनाने विचारलं.

"आहेत."

"मग एक नवा लाव, हात धू आणि मळायला घे. कणीक फुगत आली असेल."

कोर्नेलिया काही बोलायच्या आत फ्रसीनाने शिक्का तिच्या ओल्या हातात कोंबला आणि उताराने बसकडे धावत सुटली. बायकांचा डॉक्टर फक्त अकरापर्यंतच बसतो.